दुसऱ्याच्या देहात वाढणारी माशी

प्रस्तावना

माशीबद्दलचे आपले मत दोन-तीन जातींवरून बनलेले असते. ताटावर बसणारी घरमाशी, गुरांना सतावणारी गोमाशी, आंब्यात अळी सोडणारी फळमाशी. एवढ्यावर आपण सगळ्या माश्यांना दोषी ठरवून मोकळे होतो. विज्ञानाने आजवर द्विपंखी गणातल्या सुमारे 1 लाख 60 हजार जातींना नावे दिली आहेत. त्यांत डास, चिलटे, मधमाशीचे सोंग घेऊन फुलांवर वावरणाऱ्या माश्या असे नाना प्रकार आहेत. आणि ज्यांच्या अळ्या दुसऱ्या जिवंत प्राण्याच्या अंगात वाढतात, अशा हजारो जातीही त्यांत आहेत. हे पुस्तक या परोपजीवी माश्यांविषयी आहे.

त्यांच्यावर मराठीत सलग वाचायला मिळेल असे लेखन थोडे आहे. कृषिविषयक लेखांत त्या मित्रकीटकांच्या यादीत एका ओळीपुरत्या येतात, पशुवैद्यकात जखमेतल्या अळ्या म्हणून येतात, रेशीमशेतीत शत्रू म्हणून येतात. तिन्ही ठिकाणी येणारे प्राणी एकमेकांचे जवळचे नातलग आहेत, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. उसातला खोडकिडा मारणारी माशी आणि रेशमाची अळी मारणारी माशी एकाच कुळातली आहे. पहिलीला आपण मित्र म्हणतो, दुसरीला शत्रू. दोघी करतात तेच काम. फरक पडतो तो कोणाच्या देहात करतात याने. या माश्यांबद्दल काहीही ठरवण्याआधी यजमान कोण, वेळ कोणती आणि संख्या किती, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत, असे मला वाटते. पुस्तकाची सगळी मांडणी या तीन प्रश्नांभोवती आहे.

सुरुवातीला एक भेद ध्यानात घ्यावा. काही परोपजीवी यजमानाच्या जिवावर पोसतात, पण सहसा त्याला मारत नाहीत. उंटाच्या नाकात वाढणारी सेफॅलोपिना टिटिलेटर ही माशी याचे ठळक उदाहरण. कतारमध्ये दोह्याच्या पश्चिमेला अल शहानियाच्या शर्यतींसाठी जिवापाड जपलेले उंट असोत किंवा वाळवंटातल्या वाड्यांवरचे साधे उंट, या माशीला दोन्ही सारखेच. मादी अंडी घालत नाही. नाकपुडीजवळ चिमुकल्या जिवंत अळ्या सोडते. त्या आत सरकतात, नाकामागच्या पोकळीत चिकटून बसतात, अनेक महिने तिथे वाढतात आणि बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की शिंकेसरशी जमिनीवर पडून मातीत कोष करतात. उंट बेजार होतो, मान झटकतो, चारा कमी खातो. पण बहुधा जगतो. दुसऱ्या प्रकारात मात्र यजमानाचे मरण ठरलेले असते. अळी आतून त्याला खात मोठी होते आणि तिची वाढ पुरी होईतो यजमान संपतो. पहिल्या प्रकाराला शास्त्रात पॅरासाइट म्हणतात, दुसऱ्याला पॅरासिटॉइड. निसर्गातल्या संख्या आवरण्याचे मोठे काम हा दुसरा प्रकार करतो.

या दुसऱ्या प्रकारच्या माश्यांत टॅकिनिड कुळ सर्वांत मोठे आहे. त्याच्या साडेआठ हजारांवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. दिसायला या माश्या घरमाशीच्या जवळपास, पण अंगावर, विशेषतः पोटाच्या टोकाकडे, राठ काटेरी केस. गांधीलमाशीच्या वर्गातल्या परोपजीवींना यजमानाच्या अंगात अंडे टोचायला सुईसारखा अवयव असतो. बहुतेक टॅकिनिड माश्यांना तसा अवयव नाही. त्या अडचणीतून या कुळाने ज्या वाटा काढल्या, त्या थक्क करणाऱ्या आहेत. काही जाती यजमान अळीच्या कातडीवर थेट अंडे चिकटवतात. काही जाती पानावर हजारोंनी अतिसूक्ष्म अंडी पेरतात. पानाबरोबर ती सुरवंटाच्या पोटात जातात आणि तिथे उबतात. काही जाती यजमानाच्या बिळाच्या तोंडाशी जिवंत अळ्या ठेवतात आणि पुढचा शोध अळीवर सोपवतात. आणि अमेरिकेतली ऑर्मिया ओक्रेशिया ही माशी नर रातकिड्याचे गाणे ऐकून अंधारात नेमकी त्याच्यावर उतरते.

आत शिरल्यावर श्वासाचा प्रश्न उभा राहतो. यजमानाचे शरीर परक्या जिवाभोवती पेशींचे कवच उभारून त्याला गुदमरवू पाहते. टॅकिनिड अळी तेच कवच वापरून घेते. आपले मागचे टोक ती यजमानाच्या त्वचेला किंवा श्वासनलिकेला भिडवते, आणि तिच्याभोवती जमणाऱ्या पेशींची एक नळकांडी तयार होते. तिच्यातून अळीला बाहेरची हवा मिळत राहते. यजमानाच्या बचावातूनच हल्लेखोराची श्वासनळी घडते.

टॅकिनिडांखेरीज इतर कुळेही या मार्गाला लागली आहेत. मोठ्या डोळ्यांच्या पिपुनकुलिड माश्या भातावरच्या तुडतुड्यांच्या पोटात वाढतात. फोरिड माश्यांतल्या काही जातींच्या अळ्या मुंग्यांच्या डोक्यात शिरतात. कोनोपिड माश्या उडत्या मधमाशीला हवेतच गाठून अंडे देतात, तर ॲक्रोसेरिडांच्या अळ्या कोळ्यांच्या देहात वाढतात. अल दुहैलमध्ये, दोह्याच्या या उत्तरेकडच्या भागात, व्हिलांच्या रांगांमधून वाळूचे मोकळे भूखंड अजून शिल्लक आहेत. हिवाळ्यातल्या पावसानंतर रानफुले उगवली की त्या वाळूवर केसाळ बॉम्बिलिड माश्या घिरट्या घालताना मी पाहत आलो आहे. यांच्यातल्या पुष्कळ जातींची मादी आधी पोटाच्या टोकाजवळच्या कप्प्यात वाळूचे कण भरून घेते, अंड्यांना त्यांचे लेपन करते आणि मग एकाकी मधमाश्यांच्या बिळांवर तरंगत तिथे अंडी उडवते. ज्या जागेला आपण ओसाड म्हणतो, तिथे यजमान, परोपजीवी आणि दोघांना मध पुरवणारे फूल अशी पूर्ण व्यवस्था नांदत असते.

याच अरबी भूमीशी विदर्भाचा एक संबंध आहे, आणि तो टोळांमधून जातो. मे 2018 मध्ये मेकुनू आणि ऑक्टोबर 2018 मध्ये लुबान या चक्रीवादळांनी कतारच्या दक्षिणेला पसरलेल्या रुब अल खाली या महावाळवंटात भरपूर पाऊस पाडला. ओल्या वाळूत वाळवंटी टोळाच्या तीन पिढ्या कोणाच्या नजरेस न पडता वाढल्या. नऊ महिन्यांत टोळांची संख्या सुमारे 8 हजार पटींनी वाढली, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. तिथून झुंडी येमेनकडे आणि इराणकडे गेल्या, पुढच्या पिढ्या आफ्रिकेच्या शिंगात आणि भारत-पाकिस्तान सीमेवर पसरल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये कतार आणि बहरीनच्या किनाऱ्यांवर टोळ उतरले. त्याच वर्षी मेअखेरीस राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून एक धाड मोर्शी-वरुडच्या संत्रा पट्ट्यात पोहोचली, पुढे वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत शिरली. एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत 4 ते 8 कोटी टोळ असू शकतात. अग्निशमन दलाच्या बंबांनी रात्री झाडांवर फवारे मारले, ते चित्र विदर्भ विसरलेला नाही.

टोळधाडीच्या बातम्यांत तिच्या मागावर असणाऱ्या माश्यांचा उल्लेख क्वचितच येतो. स्टोमोऱ्हायना लुनाटा ही करड्या पट्ट्यांची माशी झुंडींच्या पाठोपाठ फिरते. टोळाची मादी वाळूत काही इंच खोल अंड्यांचा झुबका घालून त्यावर फेसाचे बूच बसवते. ही माशी त्या बुचापाशी आपली अंडी सोडते. तिच्या अळ्या फेसातून खाली उतरून टोळाची अंडी फस्त करतात. काही बॉम्बिलिड जातीही टोळांच्या अंड्यांवर वाढतात, आणि ब्लेसॉक्सिफा या मांसमाश्या टोळाच्या पिल्लांवर आणि प्रौढांवर जिवंत अळ्या सोडतात. टोळांवरील संशोधनात आयुष्य वेचलेले कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेटहेड यांनी 1963 मध्ये टोळ-नाकतोड्यांच्या कीटक-शत्रूंचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. या माश्या उसळलेली धाड थांबवू शकत नाहीत, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. पाऊस आणि वारा टोळांना ज्या वेगाने वाढवतात, तो वेग माशीला गाठता येत नाही. तिचे काम चालते ते दोन धाडींच्या मधल्या शांत वर्षांत, टोळ विखुरलेले असताना. त्या वर्षांत कोणाचे लक्ष नसते, म्हणून तिचे श्रेय कोणाच्या हिशेबात धरले जात नाही.

जनावरांच्या बाबतीत या माश्यांचे दुसरे रूप दिसते, आणि तेही झाकून ठेवण्यासारखे नाही. ओएस्ट्रस ओव्हिस ही माशी उडता उडता मेंढीच्या नाकावर अळ्यांचा शिंतोडा मारते. तिची चाहूल लागली की मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली नाके खुपसून दाटीवाटीने उभ्या राहतात. कधी हा शिंतोडा मेंढपाळाच्या किंवा रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यात पडतो आणि डोळा लाल होऊन खुपू लागतो. अशी प्रकरणे आखाती देशांत आणि भारतातही नोंदली गेली आहेत. क्रायसोमिया बेझियाना ही माशी आणखी घातक. ती जखमेच्या कडेला अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. वासराची ओली नाळ, शिंगाजवळचा ओरखडा, गोचीड चावलेली जागा, एवढे तिला पुरते. ‘जखमेत आसड्या पडल्या’ हे गावाकडचे वाक्य बहुतेकदा याच जातीच्या माश्यांबद्दल असते. ही माशी भारतापासून आखातापर्यंत आढळते. 1996 मध्ये इराकमध्ये तिचा मोठा उद्रेक झाला.

अमेरिकेतल्या तिच्या भावकीतल्या माशीवर, कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्सवर, माणसाने मिळवलेला विजय विज्ञानाच्या इतिहासात मानाचा आहे. मादी सहसा आयुष्यात एकदाच समागम करते, हे एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड यांनी हेरले. मग किरणोत्साराने वंध्य केलेले नर लाखोंनी सोडले, तर माद्यांची अंडी वांझ ठरतील, हा तर्क त्यांनी 1954 मध्ये कुरासाओ बेटावर सिद्ध करून दाखवला. पुढे अमेरिकेतून ही माशी हटली, आणि 1988 मध्ये लिबियात ती शिरली तेव्हा तिथेही मेक्सिकोतून आणलेल्या वंध्य माश्यांनीच तिचा नायनाट केला. मुख्यतः वंध्य माश्यांच्या बळावर एक जात एवढ्या मोठ्या प्रदेशातून हटवता आली, कारण तिच्या समागमाची एक सवय नेमकी माहीत होती. अलीकडे मध्य अमेरिकेतून ती पुन्हा उत्तरेकडे सरकली आणि 2024 च्या अखेरीस मेक्सिकोत पोहोचली. असा विजय टिकवायला राखण सतत चालू ठेवावी लागते.

महाराष्ट्राला या विषयाचा सर्वांत जवळचा अनुभव रेशीमशेतीने दिला. एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, म्हणजे उझी माशी, पूर्वी दक्षिणेत नव्हती. 1980 मध्ये पश्चिम बंगालमधून आलेल्या कोषांबरोबर ती कर्नाटकात पोहोचली आणि कोषांच्या वाहतुकीबरोबर शेजारच्या राज्यांत पसरली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी तुती लावली, संगोपनगृहे उभारली, पहिले कोष कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजारात नेले. 2018 मध्ये जालन्यात राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. ज्या रस्त्यांनी कोष जातात त्याच रस्त्यांनी उझी माशीही जाते, हे सर्व रेशीम उत्पादकांना ठाऊक आहे.

मादी रेशीम कीटकाच्या अंगावर दुधाळ पांढरे अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत अळी आत शिरते आणि प्रवेशाच्या जागी काळा डाग उरतो. लवकरच्या अवस्थेत लागण झाली तर कीटक कोष न करताच मरतो. शेवटच्या अवस्थेत झाली तर तो चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, चढतो, कोषही विणतो. पण माशीची अळी कोषाला भोक पाडून बाहेर पडते आणि त्या कोषातून सलग धागा निघत नाही. ऐन विक्रीच्या तोंडावर भोके पडलेले कोष वेगळे काढत बसणे हे उत्पादकासाठी महिनाभराच्या राबण्याचे नुकसान असते. त्यावरचा उपायही निसर्गातूनच आला. नेसोलिंक्स थायमस हे गांधीलमाशीच्या वर्गातले चिमुकले कीटक उझी माशीच्या कोषांत अंडी घालतात आणि परोपजीवीवरच परोपजीवी होतात. खिडक्या-दारांना बारीक जाळी, जमिनीच्या भेगा बुजवणे आणि हे कीटक वेळेवर सोडणे, या तिन्हींमुळे उझी आटोक्यात राहते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलांतला टसर कीटक मात्र झाडावर उघड्यावर वाढतो. त्याची उझी वेगळी, ब्लेफॅरिपा झेबिना. तिथे जाळीचा उपाय चालत नाही, म्हणून टसरवाल्यांची लढाई अधिक अवघड आहे.

आता याच कुळाची दुसरी बाजू. उसात खोडकिडा शिरला की पोंगा वाळतो. अळी खोडाच्या आत असल्यामुळे फवारणीचे औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स ही टॅकिनिड माशी तिच्यापर्यंत पोहोचते. भोकातून बाहेर आलेल्या विष्ठेचा माग काढत मादी तिथे जिवंत अळ्या ठेवते. त्या भोकातून आत जाऊन खोडकिड्याला गाठतात. तुरीवरच्या आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीत कार्सेलिया इलोटा ही माशी वाढते. तिथे शेतकऱ्याची तक्रार रास्त असते: माशीने ग्रासलेली अळी मरते, पण मरण्याआधी घाटे खाऊन जाते. फायदा मिळतो तो पुढच्या पिढीत, कारण त्या अळीचा पतंग होत नाही आणि पतंगाने घातली असती ती शेकडो अंडी पडत नाहीत. मित्रकीटकाचे काम एका आठवड्याच्या फळावर मोजले की तो कुचकामी वाटतो. हंगामाच्या आणि शिवाराच्या मापाने मोजले की त्याची किंमत कळते.

माणसाने या माश्या मुद्दाम एका देशातून दुसऱ्या देशात नेल्या, त्याचेही दोन्ही परिणाम पाहायला मिळतात. 1880च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या संत्रा बागा पांढऱ्या आयसेरिया खवल्या किडीने बसत चालल्या होत्या. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया ढालकिड्याने आणि क्रिप्टोकीटम या चिमुकल्या परोपजीवी माशीने त्या बागा सावरल्या. 1940च्या दशकात त्याच बागांत डीडीटी फवारले गेले, ढालकिडे मेले आणि कीड पुन्हा उसळली. फिजीत नारळ खाणाऱ्या लेव्हुआना पतंगावर 1925 मध्ये मलायातून बेसा रेमोटा ही टॅकिनिड माशी आणली. नारळ वाचले, पण तो पतंग बहुधा कायमचा नाहीसा झाला. 1906 मध्ये अमेरिकेत जिप्सी पतंगावर सोडलेली कॉम्पसिल्युरा कॉन्सिनाटा ही माशी शेकडो जातींच्या अळ्यांवर जगते. तिने तिथल्या देखण्या रानटी रेशीम पतंगांची संख्या खालावली, हे शतकाच्या अखेरीस लक्षात आले. या अनुभवांतून दोन नियम निघतात: परकी माशी सोडण्याआधी ती किती यजमान खाते हे तपासावे, आणि असलेल्या माश्या फवाऱ्याने मारू नयेत.

एवढ्यावर या माश्यांचे काम संपत नाही. प्रौढ टॅकिनिड आणि बॉम्बिलिड माश्या मधावर जगतात आणि फुलाफुलांवर पराग वाहतात. त्या यजमानांची वागणूकही बदलून टाकतात. हवाईतल्या कवाई बेटावर ऑर्मिया माशीच्या दडपणाखाली वीसच्या आसपास पिढ्यांतच बहुसंख्य नर रातकिड्यांचे पंख गाणे न वाजवणारे झाले. मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. गाणे हे माद्यांना बोलावण्याचे साधन होते. ज्याने मरण ओढवते ते साधन काही पिढ्यांत गळून पडले. उत्क्रांती एवढ्या जवळून पाहायला मिळणे दुर्मीळ आहे.

हे पुस्तक लिहिताना तीन वाचक माझ्या डोळ्यांसमोर होते. पहिला शेतकरी. त्याने बांधावर धने, शेपू, बडीशेप फुलू द्यावी. या छत्रीसारख्या फुलांचा उघडा मध परोपजीवी माश्यांना सहज मिळतो. नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारा उचलू नये, आणि फवारलेच तर निवडक औषध वापरावे. दुसरा पशुपालक. त्याने जखम उघडी ठेवू नये, वासराच्या नाळेची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी आणि जखमेत अळी दिसली की पशुवैद्याला गाठावे. तिसरा वाचक विद्यार्थी, आणि त्याच्याकडून माझी अपेक्षा सर्वांत मोठी आहे. एन्रिको ब्रुनेटी हा व्यवसायाने संगीतकार. कलकत्त्यात राहून फावल्या वेळात त्याने माश्यांचा अभ्यास केला आणि 1923 मध्ये भारतातल्या पिपुनकुलिड, सिर्फिड, कोनोपिड आणि ओएस्ट्रिड माश्यांवर ग्रंथ दिला. नोकरी-धंदा सांभाळून एवढे काम करणे शक्य आहे, याचा तो दाखला आहे.

त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. शेतातून एक सुरवंट त्याच्या खाद्यपानासह आणावा, काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधावी, रोज ताजे पान द्यावे. त्यातून फुलपाखरू निघाले तर आनंद आहेच. माशी निघाली तर यजमानाचे नाव, वनस्पती, गाव आणि तारीख लिहून ती नीट जपावी. कोणती माशी कोणाच्या देहात वाढते, ही माहिती अशा बरण्यांतूनच जमत आली आहे. सह्याद्रीतल्या आणि मराठवाड्याच्या माळावरच्या असंख्य सुरवंटांबाबत हे काम व्हायचे आहे, आणि ते त्या गावांत राहणारी मुलेच उत्तम करू शकतील. या पुस्तकाने अशा काही बरण्या खिडक्यांत ठेवल्या गेल्या, तर लेखनाचे सार्थक होईल.

अल दुहैल, दोहा (कतार)